ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही

फिश टँकमधल्या माशाच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात, मासा खड्यांवर अंग घासू लागतो, कल्ले जोरजोरात हलवतो. मग दुकानातून औषधाची बाटली येते, तीन-चार दिवस थेंब पडतात, ठिपके दिसेनासे होतात आणि औषध बंद होते. आठवडाभरात ठिपके दुपटीने परततात आणि औषधाला नकली ठरवले जाते. बहुतेक वेळा औषधाचा यात काही दोष नसतो. उपचार अर्धवट सोडलेला असतो. ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगात डोळ्यांना दिसते त्यावर विसंबून चालत नाही. औषध किती दिवस द्यायचे, हे परजीवीच्या जीवनचक्रावरून ठरवले पाहिजे.

हा रोग इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय जिवामुळे होतो. तो माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून पोसला जातो. तिथे पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आत विभागून शेकडो पिल्ले सोडतो. कवचातही तो बराचसा सुरक्षित असतो. औषध त्याला गाठते ते फक्त ही पिल्ले नवा मासा शोधत पोहत असताना, आणि मासा मिळाला नाही तर ती साधारण दोन दिवसांत मरतात. म्हणजे ठिपके नाहीसे झाले, याचा अर्थ अनेकदा एवढाच की परजीवी आता तळाशी वाढतो आहे. नेमक्या याच वेळी औषध थांबवणे म्हणजे पुढच्या पिढीला मोकळे रान देणे. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही उबदार पाण्यात निदान आठवडाभर उपचार चालू ठेवायला हवा. तोही एका माशावर नव्हे, सगळ्या टँकवर. आजारी मासा तेवढा बाहेर काढून औषध देणे हा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. फिल्टरमधला कोळसा औषध शोषतो, म्हणून तो काढावा, आणि तळाची घाण सायफनने ओढून घेत राहावे.

औषध कशाला, हीटर लावून पाणी तापवले की झाले, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. तापमान वाढले की चक्र वेगाने फिरते आणि तीस अंशांच्या वर परजीवीची वाढ खुंटते. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला तोच सर्वांत जास्त लागतो. गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशाला तर इतकी उष्णता सोसत नाही. एअरपंप जोरात चालवला आणि मासा उष्ण पाण्यातला असला, तरच हा मार्ग पत्करावा. मीठही गुणकारी आहे, पण पाणवनस्पती आणि काही कॅटफिश ते सहन करत नाहीत. मॅलाकाइट ग्रीन प्रभावी असले तरी विषारी आहे. युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर निषिद्ध आहे. खवले नसलेल्या माशांना ते जपूनच द्यावे आणि हाताळताना हातमोजे घालावेत.

दुसरा आक्षेप हिशोबी आहे: वीस-तीस रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप कशाला, मेला तर नवा आणू. पण परजीवी टँकमध्ये असेल तर नवा मासा म्हणजे त्याला आयते खाद्य. हा जीव पाण्यात आपोआप उपजत नाही. तो नवा मासा, वनस्पती, जाळी किंवा पिशवीतले पाणी यांतूनच येतो. म्हणून खरा स्वस्त उपाय आधीचा आहे: नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवणे आणि पिशवीतले पाणी टँकमध्ये न ओतणे. जागा नाही ही सबब पटणारी नाही, कारण प्लास्टिकचा टब पलंगाशेजारीही मावतो. दुकानदारांनीही नवा माल आल्याबरोबर जुन्या टाक्यांत सोडू नये आणि औषध विकताना ते किती दिवस चालवायचे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. आपणही बाटली घेताना दुकानदाराला हाच प्रश्न विचारावा आणि ठिपके गेले तरी ठरलेले दिवस पुरे केल्याशिवाय ती बाजूला ठेवू नये.