'अर्थ'चा अनर्थ

भूगावात फ्लॅट, हिंजवडीत ऑफिस आणि वीकएन्डला ताम्हिणी! अशा मंडळींच्या कारला पावसाळ्यात एक दुखणं हमखास जडतं. हेडलाइट मिणमिणतो, सेल्फ मारला की नुसतं 'टक्', आणि डॅशबोर्डवर लाल बॅटरी. लगेच सल्ला मिळतो, 'नवी बॅटरी टाक!'

जरा थांबा. चालत्या गाडीतला तो लाल दिवा सांगतो की चार्जिंग होत नाहीये. बॅटरी गेली, असं तो म्हणत नाही. चार्जिंग करतो आल्टरनेटर, आणि वीज परत येते ती अर्थवरून, म्हणजे इंजिन आणि बॉडीच्या लोखंडातून. इंजिन बसतं रबरावर, म्हणून त्याला जाड अर्थ केबल लागते. तिच्या टोकाला चिखल-पाण्याने गंज चढला की विजेचा ट्रॅफिक जॅम! चांदणी चौकात नवे उड्डाणपूल यायला २०२३ उजाडलं, इथे पाना आणि सँडपेपर पुरतो.

साधा मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि बघा :

• गाडी रात्रभर बंद : बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट.

• इंजिन सुरू, हेडलाइट-ब्लोअर ऑन : १३.५ ते १४.५. आकडा १२च्या आसपास रेंगाळला, तर बेल्ट, आल्टरनेटर किंवा वायरिंग बघा. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. मॅन्युअल वाचा.)

• अर्थची परीक्षा : एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. मित्राला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५च्या वर गेलं की चोर सापडला! हेडलाइट लावून बॉडीवरही हेच करा. तिथे आकडा जवळजवळ शून्य हवा.

सफाई करताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना शेवटी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, नट आवळा, वर व्हॅसलिन. आणि 'चालू इंजिनची बॅटरी काढून बघू' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. त्या झटक्यात ईसीयू उडू शकतो, आणि तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग!

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तरी रीडिंग आधी विचारा, बिल नंतर. घाटात, धुक्यात, रात्री मोबाइलला रेंज नसताना हे शोधत बसण्यापेक्षा रविवारची पंधरा मिनिटं बरी, नाही का?