गाडीचे गिअर आणि पेट्रोलचा खर्च

हायब्रिड गाडी घेतांना गिअर हातानें टाकावयाचे असावेत कीं स्वयंचलित, असा प्रश्न पुष्कळ घरांतून निघतो. २०२२ सालीं बाजारांत आलेल्या मारुती ग्रँड विटाराचे त्या वेळचे चाचणींतील आकडे आम्ही येथें देतों. सौम्य प्रकारांत वीज इंजिनास केवळ हातभार लावते. तेथें हातच्या गिअरवर लिटरमागें २१.११ किलोमीटर, स्वयंचलितवर २०.५८. अंतर अगदींच थोडें! पूर्ण हायब्रिडचा आकडा मात्र २७.९७. तें श्रेय एकट्या गिअरचें नव्हे. तेथें इंजिनच निराळें असून विजेची मोटर प्रसंगीं एकटीच गाडी ओढते, आणि दंतचक्रांची विशिष्ट जुळणी इंजिनास काटकसरीच्या गतीवर ठेवते. सबब गिअर सोयीनें निवडावेत. पूर्ण हायब्रिडची जादा किंमत मात्र आपल्या रोजच्या धावेंत भरून निघेल काय, याचा हिशेब गृहस्थानें आधीं मांडावा, असें आम्हांस वाटतें.