मधल्या सुट्टीचं धावणं



थंडी पडू लागली की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे वारे वाहू लागतात, आणि आमच्या टपालातही धावण्याबद्दलचे प्रश्न वाढतात. या वेळी आठवीतल्या एका मुलाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्याने दोनदा अधोरेखित करून बजावलं आहे, म्हणून छापत नाही. त्याचं वजन ६२ किलो. वर्गात त्याला काय नावाने हाक मारतात तेही त्याने लिहिलं आहे. ते मी इथे देणार नाही. पण तुमच्यापैकी जे कुणी वर्गात अशी नावं ठेवत असतील त्यांनी हे पत्र आपल्याच वर्गातून आलंय असं समजायला हरकत नाही.

तर या मित्राने सोमवारी पहाटे उठून मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, न थांबता. मंगळवारी पाय ठणकत होते, तरी पुन्हा तीन मारल्या. बुधवारी जिना उतरताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुवारी तो उठलाच नाही. घरी सगळे म्हणाले, ‘झाला उत्साह संपला!’ आणि त्याचा प्रश्न असा आहे : ‘मी आळशी आहे का?’

अजिबात नाही. आळशी मुलगा मंगळवारी गेलाच नसता. बिघडलं ते गणित. तेच आज आपण नीट मांडून बघू.

चालताना आपला एक ना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना मात्र दर पावलाला आपण क्षणभर पूर्ण हवेत असतो आणि मग एकाच पायावर उतरतो. त्या उतरण्याचा भार आपल्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. म्हणजे ४० किलोच्या मुलाच्या पायावर ८० ते १२० किलो, आणि ६२ किलोच्या मुलाच्या पायावर १२४ ते १८६ किलो! एका किलोमीटरमध्ये अशी हजाराच्या वर पावलं पडतात. दोघांनी फेऱ्या सारख्याच मारल्या, तरी दोघांनी केलेलं काम सारखं नव्हे. वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलाच्या पाठीवर २२ किलोचं पोतं बांधा आणि मग त्याला तीन फेऱ्या मारायला सांगा. (खरोखर बांधू नका. नुसती कल्पना करा.) तो पहिल्याच फेरीत बसेल. आपला मित्र ते पोतं घेऊन दोन दिवस धावला.

आता दमण्याबद्दल. आपण सगळ्यालाच ‘दमलो’ म्हणतो, पण आपल्या भाषेत त्याला वेगवेगळे चांगले शब्द आहेत. धाप वेगळी, शीण वेगळा आणि मरगळ वेगळी. धाप लागते ती धावताना. थांबलं की दोन-चार मिनिटांत जाते. शीण संध्याकाळी जाणवतो, पाय जड होतात, भूक लागते, झोप छान लागते आणि सकाळी तो बराचसा उतरलेला असतो. मरगळ मात्र दोन रात्री झोपूनही जात नाही. अभ्यासात लक्ष लागत नाही, उगाच चिडचिड होते, आवडीचा खेळसुद्धा नकोसा होतो. धाप आणि शीण यांना घाबरायचं कारण नाही. मरगळ आली की समजावं, विश्रांती कमी पडते आहे.

आणि ते पाय ठणकणं? सवय नसलेला व्यायाम केला की स्नायूंच्या बारीक धाग्यांना सूक्ष्म इजा होते. शरीर लगेच डागडुजीला लागतं, आणि ती करताना धागे आधीपेक्षा थोडे बळकट करून ठेवतं. हे काम चालू असतं तेव्हा स्नायू दुखतात, आणि गंमत म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं’ असं अजूनही पुष्कळ जण सांगतात, पण ते काही खरं नाही. ते तर व्यायामानंतर तास-दोन तासांतच निघून जातं. शिवाय स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, धावण्यात खर्च होते. तीही पुन्हा भरावी लागते. गवंडी भिंतीवर प्लास्टर करतोय आणि आपण त्याच भिंतीवर चेंडू मारत बसलो, तर प्लास्टर टिकेल का? आपल्या मित्राने मंगळवारी नेमकं हेच केलं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक होते. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ साली मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. हा विक्रम तब्बल १६ वर्षं कुणाला मोडता आला नाही! गेर्शलर आपल्या मुलांना सलग पळवत नसत. थोडं अंतर पळायचं, मग नाडी खाली येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पळायचं. हृदयाचे डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांच्याबरोबर काम करताना दोघांचं मत असं झालं की, हृदय बळकट होण्याच्या दृष्टीने तो मधला थांबण्याचा वेळच फार महत्त्वाचा आहे. नाडी मिनिटाला १२० ठोक्यांपर्यंत उतरली की मगच पुढची धाव. या पद्धतीचं नावच पडलं ‘इंटरव्हल ट्रेनिंग’. इंटरव्हल म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. मधली सुट्टी! जगातल्या एवढ्या प्रसिद्ध व्यायामाला नाव मिळालं ते पळण्याचं नाही, तर सुट्टीचं.

तेव्हा तुम्हीही मधल्या सुट्टीचं धावणं सुरू करा. आधी आठ-दहा मिनिटं झपझप चाला. मग अर्धा मिनिट हळू धावा, दीड मिनिट चाला. असं आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं सावकाश चालून घरी. ‘एवढंच?’ असं वाटेल. वाटू द्या. पहिल्या आठवड्यात ‘अजून जमलं असतं’ असं म्हणत घरी येणारा मुलगा तिसऱ्या आठवड्यातही मैदानावर दिसतो. दोन आठवडे हे सहज जमलं तर धाव एक मिनिटाची करा, चालणं दीड मिनिटाचंच ठेवा. नाही जमलं तर तोच आठवडा पुन्हा करा. यात नापास कुणी होत नाही.

हळू म्हणजे किती हळू? घड्याळं-बिड्याळं नकोत. धावता धावता बाराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस’ असा ठेक्यात म्हणता आला तर वेग बरोबर. बारा दुणेलाच श्वास तुटला तर वेग कमी करा. आणि पाढाच आठवत नसेल तर तो प्रश्न गणिताच्या बाईंकडे न्या, माझ्याकडे नाही! चालण्याच्या वेळात श्वास पुरता शांत झाला नाही, तर आणखी एक मिनिट चाला.

ही झाली धावण्याच्या मधली सुट्टी. दोन दिवसांच्या मधली सुट्टी त्याहून मोलाची. धावणं एक दिवसाआड, आठवड्यातून तीन दिवस, बस्स. मधल्या दिवशी अंथरुणात लोळायचं असं नाही. सायकल चालवा, पोहायला जा, आईबरोबर भाजी आणायला जा. पायांवर दणका बसणार नाही असं काहीही चालेल. ज्या दिवशी शाळेत पीटीच्या तासाला पळवलं असेल तो दिवस धावण्याचाच धरा. संध्याकाळी पुन्हा नको.

सुट्टी घेतली की मागे पडू, अशी भीती मोठमोठ्या खेळाडूंनाही वाटते. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांचा नियमच होता : एक दिवस कसून, दुसरा दिवस हलका. त्यांचा केनी मूर नावाचा विद्यार्थी ऐकेना. हलक्या दिवशीही तो गुपचूप मैलोन्‌मैल पळायचा, आणि शर्यतीत मात्र मागे राहायचा. शेवटी बॉवरमननी त्याला सक्तीने तीन आठवडे थोडं आणि हलकंच धावायला लावलं. त्यानंतरच्या शर्यतीत त्याची वेळ एकदम सुधारली. हाच मूर पुढे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला चौथा आला.

चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास मात्र सांभाळा. बहुतेक जण फसतात ते इथेच. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. धाप कमी लागते, अंगात वारं शिरल्यासारखं वाटतं. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा इतक्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना महिनेच्या महिने लागतात. श्वास म्हणतो ‘चल पळू’, आणि नडगी म्हणते ‘अजून नाही’. भांडणात नडगीचं ऐका. या आठवड्यात मुद्दाम निम्मंच धावा. तुमच्या वयात हाडं वाढत असतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीच्या खाली किंवा टाचेच्या मागे दुखणंही पुष्कळांना होतं. दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील तर तो शीण. पण एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा लंगडावं लागत असेल, तर धावणं बंद आणि डॉक्टरांकडे.

झोपेचं सांगितलं की तुम्ही तोंडं वाकडी करता, तरी सांगतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास. गाढ झोपेतच वाढीचं संप्रेरक जास्तीत जास्त स्रवतं आणि डागडुजीचं काम जोरात चालतं. रात्री बारापर्यंत मोबाइल बघायचा आणि पाचला गजर लावून धावायला जायचं, यापेक्षा झोपून राहिलेलं परवडलं. पहाटे उठणं जमत नसेल तर संध्याकाळी धावा. मैदानाला काही फरक पडत नाही. उन्हाळ्यात मात्र भर उन्हात धावायचं नाही. वजन जास्त असलं की अंगात उष्णताही जास्त तयार होते आणि ती बाहेर पडायला वेळ लागतो.

वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता आखा. सकाळी अंथरुणातच मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करून लिहायची. आठवडाभरात तुमचा नेहमीचा आकडा कळेल. एखाद्या दिवशी तो आठ-दहाने वाढलेला असेल आणि अंगात मरगळही असेल, तर त्या दिवशी सुट्टी. ताप-सर्दी येण्याआधीही हा आकडा बऱ्याचदा आपल्याला सावध करतो.

आता थोडं आई-बाबांशी. सुरुवात करण्याआधी मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवा. दमा असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर नक्कीच. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, भोवळ येऊन पडला किंवा श्वासातून शिट्टीसारखा आवाज आला, तर ‘जरा सवय नाही’ म्हणून सोडून देऊ नका. मुलगी सतत थकलेली दिसत असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीला ‘अंग हलव जरा’ म्हणून ओरडण्यात काय अर्थ? मटकीच्या उसळीवर लिंबू पिळून द्या, जेवणाला लागून चहा देऊ नका, आणि डॉक्टर सांगतील ते औषध पूर्ण करा.

आणखी एक. धावणं सुरू केलं म्हणून जेवण तोडू नका. वाढत्या वयात उपाशी धावलं की वजन नव्हे, आधी उत्साह उतरतो. धावायच्या आधी अर्धं केळं, आल्यावर दूध किंवा गूळ-शेंगदाणे आणि मग नेहमीचं वरण-भात-पोळी-भाजी पुरे. रोज वजनकाट्यावर उभं करू नका. आणि कृपा करून ‘मार्क कमी पडले, मार दहा फेऱ्या’ अशी शिक्षा कुणी देऊ नका, घरीही आणि शाळेतही.

आमच्या पत्रलेखक मित्राने आता चार दिवस नुसतं चालावं. जिना उतरताना पाय दुखायचे थांबले की सोमवारी अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करावी. बूट नवे घेऊ का, असंही त्याने विचारलं आहे. त्यावर बरंच सांगण्यासारखं आहे, ते पुढच्या अंकात. तोवर आहेत तेच वापर, फक्त नाड्या घट्ट बांध.