कापण्यासाठी एक वाफा

मृगाचा पाऊस पडला की साताऱ्यात आमच्या परसात भेंडी, दोडका, काकडीचं बी पडतं. त्यांच्या शेजारचा एक वाफा मी फुलांसाठी राखते. ही फुलं देवाच्या परडीसाठी नाहीत की वेणीसाठी नाहीत. लांब दांड्यासकट कापायची आणि घरात पाण्यात ठेवायची.

शेजारच्या काकू कळवळून म्हणतात, "अगं, झाडावर किती शोभतायत! कशाला कापतेस?" त्यांची माया मला कळते. पण झिनिया, कॉसमॉस ही हंगामी झाडं. त्यांची सगळी धडपड बी धरण्यासाठी असते. बी धरलं की बहर ओसरतो. पानांच्या जोडीच्या जरा वर दांडा कापला, तर त्याच पेरातून दोन फुटवे निघतात आणि झाड पुन्हा कळ्यांना लागतं. म्हणून म्हणते, झाडावर जीव असेल तर कात्री हातात घ्या.

कापायचीही रीत आहे. झिनियाचा दांडा फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवावा. फुलाची मान लटपटली तर थांबावं, ताठ राहिली तर कापावं. ऊन चढायच्या आत, पाण्याची बादली सोबत घेऊनच. पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकावीत. ती कुजली की दांड्याची पाणी ओढायची वाट बुजते. पाणी रोज बदलावं. फुलदाणी पिकत्या आंब्या-केळ्यांपासून लांब ठेवावी, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने बरीच फुलं लवकर माना टाकतात.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, पण आपल्या अंगणात तो इतका रुजलाय की परका वाटतच नाही. त्याच्या कळ्या खालून वर उमलत जातात. खालची एखादी जोडी उमलली की कापावा, बाकीच्या घरात रोज संध्याकाळी उमलतात. डबल निशिगंध दिसतो भरगच्च, पण वासाला सिंगलच लावा. अ‍ॅस्टर हवा असेल तर महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले गणेश' वाण आहेत, जांभळे, गुलाबी, पांढरे.

कॉसमॉसच्या नाजूक पाकळ्यांना खोक्यातला प्रवास सोसत नाही, म्हणून तो फुलबाजारात सहसा दिसत नाही. तो घरीच लावावा लागतो. विकतच्या गुच्छात फुलांइतकाच प्लास्टिकचा कागद आणि न कुजणारा हिरवा स्पंज येतो, तो वेगळाच. वाढदिवसाला मी झिनियाची जुडी सुतळीने बांधून नेते.

ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी एक मागणी. सोसायटीच्या बागेत 'फुले तोडू नयेत' अशी पाटी असते. ती राहू द्या. पण कुंपणालगत, ऊन येतं तिथे, एक वाफा असा करा की जिथे कुणीही कात्री घेऊन यावं. जूनच्या मध्यात झिनिया पेरला तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलावर येतो. पेरायचे दिवस हेच आहेत.