'बेकायदेशीर' म्हणे!

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेने बेड्या घालून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले. त्यात ३ महाराष्ट्रातले. आमच्या कॅन्टीनमधला शेरा : "बेकायदेशीर घुसले, मग काय हार घालायचे?"

निदान सातारा-सांगलीच्या पोरांनी तरी हे बोलू नये राव! (वाळवा, तासगाव, खानापूर १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते.) एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडची माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली. आशियातून आफ्रिकेत, कशाला, तर उसाच्या मळ्यांत राबायला! कंपनी सरकारने १८३९च्या कायद्याने मजूर नेणं बंद केलं आणि १८४२ला मॉरिशसपुरतं पुन्हा उघडलं. मजूर तेच, मळेही तेच. मधल्या काळात त्यांना जहाजात भरणं गुन्हा, नंतर तोच सरकारमान्य करार.

बरं, करार संपला म्हणून सुटका नाही. मॉरिशसच्या १८६७च्या कायद्याने फोटो लावलेला पास जवळ हवा, नसला की 'भटक्या' म्हणून अटक. गुन्हा काय, तर खिशात कागद नाही.

आजही दहावी न झालेल्याला नोकरीसाठी आखातात जायचं तर आधी सरकारची परवानगी लागते. ती टाळायची म्हणून कोणी टुरिस्ट व्हिसावर गेला, की झाला बेकायदेशीर. आपला व्हिसा मात्र कंपनीचा वकील करून देतो, आणि आपण कॅन्टीनमध्ये कायदा शिकवतो :)