जबाबदारीइतका अधिकार : कन्याशाळांच्या मुख्याध्यापिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. आयुक्त (शिक्षण), पुणे

महोदय,

हे मागणीपत्र राज्यातील अनुदानित कन्याशाळांच्या मुख्याध्यापिकांचे आहे. याआधीच्या निवेदनांच्या पोचपावत्या आमच्या दप्तरी आहेत, उत्तरे नाहीत. म्हणून या वेळी प्रत्येक तक्रारीपुढे उपाय आणि शक्य तेथे मुदतही लिहिली आहे. ३ जानेवारीला आणि ८ मार्चला आमचे सत्कार होतात, त्याबद्दल आभार. शाली पुरेशा झाल्या आहेत.

पहिला प्रश्न पदाचा. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीतील नियम ३ नुसार कन्याशाळेचे मुख्याध्यापकपद पात्र शिक्षिकांपैकी सेवाज्येष्ठ शिक्षिकेकडे जाते, मग शाळेतला एखादा शिक्षक तिच्याहून ज्येष्ठ का असेना. मुलींच्या महाविद्यालयांत प्राचार्यपद स्त्रियांसाठी राखण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली पंजाब विद्यापीठाच्या प्रकरणात वैध ठरवला. कायद्याचा प्रश्न मिटलेला आहे. घोळ होतो तो संस्थेच्या कार्यकारिणीत, आणि तो निस्तरेपर्यंत शाळा ‘प्रभारी’वर चालते. प्रभारी बाईंना सहीचे अधिकार मिळेपर्यंत वेतनदेयके अडतात, दुरुस्तीची कामे लांबतात. मुलींना निर्णय घ्यायला शिकवा म्हणायचे आणि त्यांच्या मुख्याध्यापिकेने तुटलेल्या नळासाठी सचिवांच्या फोनची वाट पाहायची, हे एका छपराखाली चालत नाही.

मागणी : निवृत्तीची तारीख आधीच माहीत असते. त्यामुळे संस्थेने ३ महिने आधी प्रस्ताव पाठवावा आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत निर्णय द्यावा. पद रिकामे होईल त्याच दिवशी ज्येष्ठ पात्र शिक्षिकेला सहीचे अधिकार मिळावेत. किरकोळ दुरुस्ती व आरोग्यविषयक खर्चासाठी मुख्याध्यापिकेला दरमहा १०,००० रुपयांपर्यंत स्वतःच्या सहीने खर्च करता यावा. हिशेब आम्ही महिनाअखेर देऊ.

दुसरा प्रश्न आमच्या लेखी सर्वांत तातडीचा आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शाळांतील शिपायांची रिक्त होणारी पदे संपली आणि त्यांच्या जागी ठोक शिपाई भत्ता आला. कन्याशाळेत हे पद घंटा वाजवण्यापुरते कधीच नव्हते. पाचवी-सहावीतल्या मुलीला शाळेतच पहिल्यांदा पाळी येते. ती बाकावरून उठत नाही. शेजारची मुलगी बाईंच्या कानात येऊन सांगते. पूर्वी अशा वेळी शिपाई मावशी यायच्या, ओढणी किंवा जुना स्वेटर कमरेला बांधून तिला घेऊन जायच्या, पॅड द्यायच्या, घरी निरोप धाडायच्या. आता वर्ग सोडून शिक्षिका जाते किंवा मुख्याध्यापिका. जिथे त्या तासाला शिक्षकच आहेत, तिथे मुलगी शाळा सुटेपर्यंत तशीच बसते. स्वच्छतागृहात पॅडचे यंत्र असते, पण त्यात पॅड भरणारे कोणी नसते, आणि वापरलेले पॅड जाळण्याचे यंत्र एकदा बंद पडले की बंदच राहते. पुढच्या महिन्यात तीच मुलगी ३-४ दिवस घरी राहते. हजेरीपटावर त्याची नोंद ‘आजारी’ अशी होते.

मागणी : प्रत्येक कन्याशाळेला किमान एक पूर्णवेळ सेविका, आणि ३०० हून अधिक मुली असल्यास दोन. पद मंजूर करता येत नसेल तर भत्ता किमान वेतनाइतका करावा आणि त्यात भविष्य निर्वाह निधी धरावा. भत्त्याच्या ५,००० रुपयांत दिवसभर थांबणारी बाई ग्रामीण भागातही मिळत नाही, हे भत्ता ठरवणाऱ्यांनी एकदा शोधून पाहावे.

तिसरी बाब शाळा सोडल्याच्या दाखल्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांआधी झाल्याचे आढळले. ही आकडेवारी आम्हाला शाळेच्या खिडकीवर भेटते. दिवाळीच्या सुटीनंतर नववीतली मुलगी येत नाही, मग मामा किंवा चुलते दाखला मागायला येतात. कोणत्या शाळेत घालणार, याचे उत्तर नसते. आठवीपर्यंत दाखला तातडीने द्यायचा, उशीर झाल्यास मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम ५ सांगते. ते योग्यच आहे. दाखला अडवण्याचा अधिकार आम्हाला नको.

मागणी : वर्षाच्या मध्येच दाखला मागितला गेला आणि पुढच्या शाळेचे मागणीपत्र नसेल, किंवा मुलगी सलग १५ दिवस गैरहजर असेल, तर मुख्याध्यापिकेचा अहवाल बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांनी नोंदवून घ्यावा व ७ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. अहवाल देणारीचे नाव गुप्त राहावे. ती त्याच गावात राहते, त्याच एसटीने ये-जा करते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलींसाठीची हंगामी वसतिगृहे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हावीत. टोळी गेल्यावर उघडलेले वसतिगृह त्या वर्षापुरते निरुपयोगी असते.

सुरक्षेबाबत : बदलापूरच्या शाळेतील बाललैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी हे सर्व बंधनकारक झाले. आमचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा न कळवल्यास पोक्सो कायद्याच्या कलम २१ नुसार संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एवढी जोखीम जिच्या नावावर आहे, तिला कॅमेऱ्यांच्या देखभालीसाठी पालकांपुढे वर्गणीची पावती धरावी लागू नये. त्यासाठी वेतनेतर अनुदान सातव्या वेतन आयोगाच्या वेतनावर मोजावे आणि वर्षाच्या पहिल्या तिमाहीत द्यावे. मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला प्रशिक्षित समुपदेशिका जोडून द्यावी. ५ शाळांत मिळून एक असली तरी चालेल, पण तिचा वार ठरलेला असावा.

एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, पण गाडी शाळा सुटायच्या आधी निघत असेल तर पास दप्तरातच राहतो. मुख्याध्यापिकेच्या पत्रावर आगार व्यवस्थापकांनी १५ दिवसांत वेळ बदलावी किंवा नकाराचे कारण लिहून द्यावे.

कन्याशाळा सहशिक्षणात वर्ग करण्याच्या प्रस्तावांना आमचा सरसकट विरोध नाही. पट खरोखर घसरला असेल तर शाळा बंद पडण्यापेक्षा ते बरे. मात्र त्याआधी पालकांची सभा व्हावी, मुलींची स्वच्छतागृहे पूर्ववत राहावीत आणि एकत्रित शाळेत मुख्याध्यापिकेचे पद आपोआप बुडू नये. लांबच्या गावांतले कित्येक पालक ‘मुलींचीच शाळा आहे ना’ एवढे विचारून प्रवेश घेतात. त्यांची समजूत आम्ही घालू, पण त्यासाठी एक पूर्ण वर्ष हवे.

या मागण्यांवर ३० दिवसांत आमच्या प्रतिनिधींची बैठक बोलवावी आणि इतिवृत्त सहीनिशी द्यावे. मुलींचा एकही तास बुडेल असे आंदोलन आम्ही करणार नाही. बैठक झाली नाही, तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअॅपवर ‘आजच, तातडीने’ मागितलेली कोणतीही माहिती कन्याशाळा भरून देणार नाहीत. जावक क्रमांक असलेले पत्र आल्यास उत्तर ३ दिवसांत मिळेल.

आपल्या,
अनुदानित कन्याशाळांच्या मुख्याध्यापिका