जूनमधला लोगो, माघातला मोर्चा

जून उजाडला की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत तीन गोष्टी अगदी ठरल्यासारख्या होतात. पहिला पाऊस पडतो, ट्रॅफिकचे बारा वाजतात आणि कंपन्यांचे लोगो इंद्रधनुषी होतात. मग एचआरचा ईमेल येतो, कॅन्टीनमध्ये रंगीत केक कापला जातो, ग्रुप फोटो होतो. (प्राईडच्या नेहमीच्या झेंड्यात रंग सहाच असतात, सात नाही. पण केकवर कोण मोजतंय?) एक जुलैला लोगो पुन्हा निळा. संपला प्राईड.

या केकबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्या ऑफिसात वीस वर्षांपूर्वी हा विषय फक्त विनोदापुरता निघायचा, तिथे आज त्यावर ईमेल येतो, ही काही लहान गोष्ट नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. मुंबईचा प्राईड मोर्चा जूनमध्ये नसतोच!

जून का, ते आधी पाहू. २८ जून १९६९च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन नावाच्या बारवर पोलिसांची धाड पडली. नेहमीसारखं मुकाट्याने निघून जाण्याऐवजी तिथल्या लोकांनी प्रतिकार केला, आणि पुढचे काही दिवस तो भाग धुमसत राहिला. वर्षभराने, १९७० साली, त्याची आठवण म्हणून तिथे मोर्चा निघाला. तिथून जून हा प्राईडचा महिना झाला. न्यूयॉर्कमध्ये जून म्हणजे उन्हाळा, रस्त्यावर यायचे दिवस. आपल्याकडे जूनच्या शेवटी दादर स्टेशनबाहेर छत्री उलटी होते.

मुंबईचं गणित पहिल्यापासून वेगळं आहे. इथला 'क्वीअर आझादी' मोर्चा पहिल्यांदा निघाला १६ ऑगस्ट २००८ला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. मार्ग ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी. ज्या मैदानातून १९४२ साली 'चले जाव'ची हाक दिली गेली, तिथूनच हे लोक निघाले, कारण त्यांच्या डोक्यावरचं कलम ३७७सुद्धा इंग्रजांनीच १८६० साली आणून ठेवलेलं होतं. पुढे हा मोर्चा हिवाळ्यात सरकला. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात, म्हणजे साधारण माघाच्या आसपास. पुण्यातला पहिला मोर्चा ११ डिसेंबर २०११चा. (पुण्याने नंतर जूनही करून पाहिला. पुण्याचं सगळं वेगळंच असतं.)

कॅलेंडरमध्ये टाइमझोन चुकला की काय होतं, ते आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. निमंत्रण सगळ्यांना जातं आणि मीटिंगला कुणीच नसतं. इथे नेमकं तेच झालंय. आपण जूनमध्ये 'हॅपी प्राईड' म्हणून मोकळे होतो, आणि सात-आठ महिन्यांनी आपल्याच शहरात माणसं प्रत्यक्ष रस्त्यावर येतात, तेव्हा ऑफिसात कुणाला पत्ताही नसतो.

आता तो नेहमीचा प्रश्न. "अहो, घरात काय करायचं ते करा ना, रस्त्यावर कशाला?" चहाच्या टपरीवर हा प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात, म्हणून उत्तर द्यायला हवं. उत्तर असं की घरातच तर काही करता येत नाही. आपल्या वन बीएचकेमध्ये आई-बाबा, भाऊ, आजी आणि गावाहून आलेला आतेभाऊ अशी सगळी मंडळी असतात. भाड्याने घ्यायचं तर घरमालकाला 'फॅमिली' हवी. ज्याच्याबद्दल घरी बोलता येत नाही, शाळेत शिव्यांखेरीज ज्याला शब्द मिळाला नाही, ते एकट्याने आत ठेवून माणूस वाढतो, आणि त्याला वाटत असतं की अख्ख्या तालुक्यात असा मी एकटाच. मोर्चा हे त्या 'एकटाच'ला दिलेलं उत्तर आहे. २ जुलै १९९९ला कोलकात्यात 'फ्रेंडशिप वॉक' निघाला, तो भारतातला पहिला प्राईड मोर्चा मानतात. चालणारे होते १५. पंधरा! आपल्या सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा एवढे येतात. पण 'एकटाच' आणि 'पंधरा' यांच्यातलं अंतर पंधरा आणि पंधरा हजार यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे.

मुंबईच्या सुरुवातीच्या मोर्चांचे फोटो पाहिलेत तर त्यात मुखवटे दिसतील. चालायचं तर आहे, पण उद्याच्या पेपरात आपला चेहरा मामाने पाहिला तर? म्हणून मुखवटा. अभिमानाच्या मोर्चात तोंड झाकून चालणारा माणूस पाहिला की प्राईड म्हणजे नाचगाणं, हा समज गळून पडतो.

इथवर सगळं ठीक. पण मोर्चा एका दुपारचा असतो. चौपाटी येते, झेंडे गुंडाळले जातात आणि प्रत्येकजण आपापल्या लोकलने आपापल्या घरी जातो. सोमवारी काय?

गणपतीचं उदाहरण घ्या. उत्सव दहा दिवसांचा, पण मंडळ वर्षभराचं. पावतीपुस्तकं, रक्तदान शिबिर, वह्यावाटप, कुणाच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसायला माणसं... हे बारा महिने चालतं म्हणून मांडव दहा दिवस उभा राहतो. ज्या मंडळाकडे मांडवाशिवाय काही नसतं, त्याची अवस्था आपण पाहतोच. प्राईडचंही तसंच आहे. मोर्चा हा मांडव. मंडळ कुठे आहे, ते शोधायला हवं.

ते आहे, आणि बरंच जुनं आहे. अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० साली सुरू केलं, म्हणजे मुंबईतल्या पहिल्या मोर्चाच्या अठरा वर्षं आधी. १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. वाकोल्यातल्या महापालिकेच्या जुन्या इमारतीत त्यांनी जागा मिळवली, जिथे आरोग्य तपासणी, समुपदेशन आणि नुसतं येऊन बसणं हे तिन्ही होऊ लागलं. १९९५ साली 'स्त्री संगम' हा बायकांचा गट सुरू झाला, पुढे त्याचं नाव 'लेबिया' झालं. २००० साली मालवणीत 'सखी चारचौघी' सुरू झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. हे खिरे कोण, तर आपल्यातलेच. कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत आयटीत नोकरी केलेला माणूस, ती सोडून पुण्यात येऊन हेल्पलाईन चालवायला बसला.

उत्सवही मोर्चाएवढाच नाही. श्रीधर रंगायन यांचा 'कशिश' चित्रपट महोत्सव २०१० पासून मुंबईत होतो, बहुतेक वर्षी मे-जूनच्या सुमारास. (जूनमध्ये करायचंच असेल तर छपराखाली करावं, हे त्यांना बरोबर कळलंय!) मरीन लाइन्सजवळच्या लिबर्टीसारख्या जुन्या, देखण्या थिएटरात त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. 'रेनबो व्हॉइसेस मुंबई' नावाचा गायकांचा गट आहे, 'गेझी'चा झीन बाजार आहे, 'हमसफर'च्या 'संडे हाय'सारख्या बैठका आहेत. नागपुरात २०१६ साली मोर्चा निघाला, तो 'सारथी ट्रस्ट' आधीची कितीतरी वर्षं शांतपणे काम करत होता म्हणूनच.

या टिकून राहण्याची परीक्षाही झाली. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ची धार काढली, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली, आणि ६ सप्टेंबर २०१८ला प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कायमचं रद्द झालं. २०१३ नंतर सिनेमे थांबले नाहीत, गाणी थांबली नाहीत. २०२० साली मोर्चाला ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी मिळाली नाही, कार्यक्रम आझाद मैदानात एका जागीच झाला. त्यापाठोपाठ लॉकडाऊन आला आणि रस्ता पूर्णच बंद झाला. कित्येक मुलंमुली अशा घरात अडकली, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्या दिवसांत मोर्चाचा उपयोग शून्य होता. उपयोग होता तो फोन उचलणाऱ्या माणसाचा.

वर्षभराच्या कार्यक्रमांपैकी सर्वात कमी फोटो निघतात ते पालकांच्या बैठकीचे. 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे. मुलाला स्वतःला समजून घ्यायला पंधरा वर्षं लागलेली असतात, आणि आईने मात्र ते पंधरा मिनिटांत समजून घ्यावं, अशी आपली अपेक्षा असते. तिला मोर्चा दाखवून चालत नाही. तिला दुसरी आई लागते, जी म्हणेल, "मीपण रडले हो पहिले सहा महिने. बसा, चहा घ्या."

आणि इथे मराठीचा प्रश्न येतो. या कार्यक्रमांची बरीचशी भाषा इंग्रजी आहे. बोरिवलीच्या कॉन्व्हेंटवाल्याला चालून जातं. पण साताऱ्याहून हिंजवडीत आलेल्या मुलाने आईच्या हातात काय द्यायचं? त्याला लागतं खिऱ्यांचं 'पार्टनर'. त्याला लागतं चेतन दातारांचं 'एक माधवबाग', ज्यात एक आई मुलाची डायरी वाचते. मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केलेत. एका दिवसाच्या ढोलताशाने जे होत नाही, ते तासाभराच्या अशा एखाद्या प्रयोगाने होऊ शकतं.

"हे सगळं परदेशी फॅड" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की परदेशी आहे तो जून. माणसं इथलीच आहेत. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये मराठी रंगभूमीवर आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून माघी पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडून सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांत जोगते आहेत. त्या प्रथेत दुःख आणि पिळवणूकही आहे, तिचं गोडगोड चित्र काढायचं कारण नाही. पण 'आपल्याकडे असं नव्हतंच' हे म्हणता येत नाही.

मग आपण काय करायचं? 'आपण' म्हणजे मी आणि तुमच्यापैकी बहुतेकजण, ज्यांना यातलं काहीच सोसावं लागलेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. या दोन टोकांच्या मधलं बरंचसं आपल्या ऑफिसात ठरतं. मेडिक्लेमच्या फॉर्मवर 'स्पाऊस'च्या जागी 'पार्टनर' लिहिता येतं का? जोडीदार ऑपरेशन थिएटरमध्ये असताना रजा कुठल्या नावाखाली मिळते? ड्रॉपडाऊनमध्ये एक पर्याय वाढवायला अर्धा तास लागतो, मंजुरीला तीन क्वार्टर. त्या तीन क्वार्टरमध्ये पाठपुरावा करणारा माणूस हवा, आणि तो दरवेळी ज्याचं दुखतंय तोच असू नये. कारण तो बोलला की उघडा पडतो. आपण बोललो तर फार तर एचआरला कंटाळा येईल.

दुसरं, जूनचा खर्च. टी-शर्ट, स्टेज, केक यांच्या पैशात एखाद्या छोट्या गटाच्या हॉलचं बऱ्याच महिन्यांचं भाडं निघावं. कमिटीत असाल तर एकदा विचारून बघा.

तिसरं सगळ्यात सोपं. कॅलेंडर उघडा आणि जानेवारीच्या सुरुवातीला एक रिमाइंडर लावा, 'मोर्चाची तारीख बघणे' एवढाच. जमलं तर जा, मागे मागे चाला, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि ऑफिसात कुणावर संशय आहे म्हणून त्याला "येतोस का?" असं डोळा मिचकावून विचारू नका. तुम्ही जाऊन आलात, एवढं जेवताना सहज सांगा. ऐकणाऱ्या टेबलावर एखादा असतो, जो काही बोलत नाही, नुसता डबा उघडत असतो. त्याला जूनच्या केकपेक्षा ते वाक्य जास्त दिवस पुरेल.